रोजच्या वापरातली फोर बाय फोर उंचावताना: कोणते जास्तीचे भाग घ्यावेत आणि कोणते टाळावेत

इंदूरमध्ये आठवडाभर कचेरी, शाळा आणि मंडई करणारी आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी चोरल, पातालपाणी किंवा जानापावच्या कच्च्या वाटेला लागणारी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, गाडी उंचावायची म्हटली, की पहिला प्रश्न हमखास ‘किती इंच?’ हाच निघतो. हा प्रश्न खरे तर शेवटी विचारायचा आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा प्रत्येक दांडा, प्रत्येक बुश (सांध्यातला रबरी तुकडा) आणि प्रत्येक नळी एका ठरावीक उंचीसाठी बसवलेली असते. उंची बदलली की यांपैकी काहींचे कोन सरकतात आणि काहींची लांबी अपुरी पडते. बाजारात ‘लिफ्टसोबत हेही घ्या’ म्हणून जे भाग मिळतात, त्यांतला प्रत्येक भाग असा एखादा सरकलेला कोन किंवा अपुरी पडलेली लांबी पूर्ववत करण्यासाठी बनवलेला असतो. म्हणून आपल्या गाडीत नेमके काय सरकले हे मोजून पाहावे आणि तेवढ्याचाच उपाय विकत घ्यावा. किटच्या खोक्यावरच्या नावापेक्षा ही मोजणी महत्त्वाची आहे.

लिफ्टमुळे काय उंच होते आणि काय होत नाही, हे आधी स्पष्ट असायला हवे. मारुती सुझुकीच्या जिमनीत पुढे आणि मागे अखंड धुरा आहे, म्हणजे दोन्ही चाके एकाच नळीच्या दोन टोकांना आहेत आणि त्या नळीच्या मध्ये डिफरेन्शिअलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा आहे. अशा गाडीला कितीही लांब स्प्रिंग घातली, तरी तो गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो, कारण तो स्प्रिंगच्या खाली, चाकांच्या सोबत असतो. त्याला उंच करू शकतो तो फक्त टायर, आणि तोही व्यास वाढेल त्याच्या निम्म्यानेच. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५ मापाचा आहे आणि त्याचा व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. त्याजागी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास साधारण ७०३ होतो, म्हणजे गोळा जेमतेम ५ मिलिमीटर वर जातो. २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३ च्या आसपास जातो आणि २० मिलिमीटर मिळतात. मात्र तेव्हा काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात साधारण ६३ च्या वेगाने धावत असते आणि इंजिनाला चाक फिरवायला जास्त जोर लागतो.

मग लिफ्टने मिळते काय? चौकट (चॅसिस), टाकी, बंपर आणि दारांखालची कड वर जाते. त्यामुळे चढावर नाक टेकत नाही, उतरताना शेपूट घासत नाही आणि वाटेतल्या उंचवट्यावर पोट अडकत नाही. मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत जागाही होते. महिंद्रा थारमध्ये मात्र पुढची चाके स्वतंत्र आहेत आणि पुढचा डिफरेन्शिअल चौकटीला बांधलेला आहे. तिथे लिफ्टने पुढचा गोळाही वर जातो, मागचा अखंड धुरा तेवढा जागच्या जागी राहतो. आपली गाडी यांपैकी कोणत्या जातीची आहे, यावरून पुढची जवळजवळ सगळी निवड ठरते.

आता आपल्या भागातल्या वाटांबद्दल. माळव्याची काळी माती भिजली की चिकट होऊन टायरच्या खाचा भरून टाकते, आणि अशा चिखलात सस्पेन्शनच्या उंचीपेक्षा टायरची नक्षी आणि त्यातली हवा जास्त कामाला येते. उंचीचा खरा उपयोग होतो तो विंध्याच्या कडेला, जिथे पठार संपून नर्मदेकडचा उतार सुरू होतो आणि वाटेत काळ्या पाषाणाचे उघडे दगड व ओढ्यांचे खोल काठ लागतात. पण त्या वाटांनाही महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी जाणाऱ्या, मूळची २१० (जिमनी) किंवा २२६ (थार) मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची मोकळी उंची, असलेल्या गाडीला ४० मिलिमीटरच्या आसपासची वाढ पुरेशी असते, असे माझे ठाम मत आहे. ५० च्या पुढे गेले की दुरुस्तीच्या भागांची यादी झपाट्याने वाढू लागते आणि रोजच्या वापरातला त्रासही त्याच वेगाने वाढतो. घरात गुडघे दुखणारी आजी असेल, तर तिला विचारल्याशिवाय उंची ठरवू नये, कारण गाडीत चढायचे तिलाही आहे.

पहिला भाग अर्थातच स्प्रिंग. इथे उंचीइतकाच महत्त्वाचा असतो तो तिचा कडकपणा, आणि कडकपणा ठरतो गाडीवर कायम असणाऱ्या वजनावरून. कायम हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढणारी चरखी), छतावरची जाळी आणि दुसरे स्टेपनी चाक हे रोज गाडीवर असते, तर सुटीतले सामान वर्षातून मोजके दिवस. बाजारातल्या बऱ्याच स्प्रिंगा साधे वजन, मध्यम वजन आणि जड वजन अशा प्रकारांत मिळतात. मोकळ्या गाडीला जड वजनाची स्प्रिंग घातली, तर गाडी सांगितल्यापेक्षा उंच उभी राहते, प्रत्येक गतिरोधकावर मणका हादरतो आणि खड्ड्यात चाक खाली उतरायला उरलेली जागा कमी पडते. गाडी उंच दिसते, पण चाक जमिनीला कमी चिकटते. थारची टाकी ५७ लिटरची आहे आणि ती डिझेलने भरली की सुमारे ४७ किलो होतात, म्हणून मोजमाप घेताना टाकी निम्मी आहे की भरलेली, हेही लिहून ठेवावे.

स्प्रिंगऐवजी स्पेसर, म्हणजे पॉलियुरेथेनची किंवा ॲल्युमिनियमची चकती घालणे स्वस्त पडते आणि म्हणून त्याचा मोह होतो. थारच्या पुढच्या बाजूसारखी जिथे स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरभोवतीच असते, तिथे ही चकती त्या सबंध जोडणीच्या डोक्यावर बसते. जोडणीचे खालचे टोक चाकापाशी नसून खालच्या आर्मच्या, म्हणजे चाक चौकटीला जोडणाऱ्या दांड्याच्या, मधोमध कुठेतरी असल्यामुळे, २५ मिलिमीटरची चकती चाकापाशी त्याहून बरीच जास्त उंची देते. विकणारा हा फायदा म्हणून सांगतो, पण त्याची दुसरी बाजू अशी की चाक खाली लोंबताना मूळ मर्यादेच्याही खाली जाते, तिथे बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) आणि सीव्ही जॉइंट (वळत्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) यांच्यावर ताण येतो, आणि चाक वर दाबले जाताना चाकाची वरची हालचाल अडवणारा रबरी बंप स्टॉप लागण्याआधीच शॉकॲब्सॉर्बर आतल्या आत ठोकला जाण्याची शक्यता राहते. थोड्या उंचीसाठी चांगल्या प्रतीची चकती चालू शकते. शॉकॲब्सॉर्बर आधीच थकलेले असतील, तर मात्र चकती घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

खर्चाचा मोठा हिस्सा मी शॉकॲब्सॉर्बरसाठी, म्हणजे इथले मिस्त्री ज्याला शॉकर म्हणतात त्यासाठी, राखून ठेवायला सांगेन. स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकर तिची उसळी आवरतो. त्याच्या आतले तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या झडपांतून जबरदस्तीने जाते आणि चाकाच्या हालचालीचे उष्णतेत रूपांतर होते. मुरमाच्या रस्त्यावर पडलेल्या बारीक लाटांवरून तासभर गाडी चालली, की तेल तापून पातळ होते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि शॉकर जवळजवळ काम करेनासा होतो. नायट्रोजन भरलेल्या शॉकरमध्ये वायूच्या दाबामुळे बुडबुडे कमी होतात. दोन नळ्यांच्या शॉकरची बाहेरची नळी दगड लागून चेपली तरी आतला दट्ट्या चालू राहतो. एका नळीचा शॉकर तुलनेने लवकर थंड होतो, पण त्याचा दट्ट्या बाहेर दिसणाऱ्या नळीच्या आतल्या भिंतीवरूनच सरकतो, त्यामुळे तिथे पोचा पडला की तो अडकतो. शहरात रोज आणि डोंगरात अधूनमधून जाणाऱ्या गाडीला कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला, दोन नळ्यांचा चांगला शॉकर पुरतो. त्याहून महाग निवडीचा उपयोग दीर्घ वाळवंटी किंवा पहाडी प्रवास करणाऱ्यांना होतो.

शॉकरची निवड करताना दोन लांब्या विचाराव्यात: पूर्ण ताणलेला असतानाची आणि पूर्ण मिटलेला असतानाची. ताणलेली लांबी कमी पडली, तर चाक खाली लोंबताना सगळा झटका शॉकरच्या डोक्यावरच्या नटावर येतो आणि तो आतून तुटतो. मिटलेली लांबी जास्त असेल, तर गाडी खड्ड्यात दणकन बसताना बंप स्टॉपच्या आधी शॉकर ठोकला जातो. म्हणून लांब शॉकरसोबत उंच बंप स्टॉप घेणे बहुधा आवश्यक असते. हा किमतीने क्षुल्लक भाग अनेक किटमध्ये नसतो आणि त्याअभावी महागडा शॉकर लवकर निकामी होतो. शॉकरची झडप त्याच्यासोबतच्या स्प्रिंगच्या कडकपणासाठी जुळवलेली असावी, म्हणून दोन्ही एकाच उत्पादकाकडून जोडीने घेणे श्रेयस्कर.

हे सगळे कागदावर ठरत नाही, गाडीखाली पाहूनच ठरते. देवास नाक्याच्या बाजूला किंवा कुठेही असो, गॅरेज निवडताना मिस्त्री एक काम करतो का, ते पाहावे. तो गाडीची चौकट जॅकवर घेतो, चाक पूर्ण लोंबू देतो, स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवतो, मग दुसऱ्या टोकापर्यंत वळवतो, आणि प्रत्येक वेळी ब्रेकच्या रबरी नळीला बोट लावून ती किती ताणली आहे ते बघतो. नळी वीणेच्या तारेसारखी ताठ लागली, तर लांब नळी घ्यायलाच हवी, त्यात काटकसर नाही. तिच्या शेजारची एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि धुऱ्यातून निघणारी, आतली हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी यांचीही हीच परीक्षा घ्यावी. कित्येकदा नवी नळी लागत नाही, क्लिप थोडी सरकवली तरी भागते, आणि हे सांगणारा मिस्त्री विश्वासाचा समजावा.

अखंड धुऱ्याच्या गाडीत सर्वांत नाजूक प्रश्न कॅस्टरचा असतो. चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष बाजूने पाहिल्यास किंचित मागे कललेला असतो. या कलण्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते आणि गाडी सरळ रेषेत टिकते. जिमनीत पुढचा धुरा दोन लांब दांड्यांनी चौकटीला जोडलेला आहे आणि ते दांडे धुऱ्यापासून मागे जातात. चौकट वर गेली की दांड्यांची मागची टोके वर जातात आणि त्यांच्यासोबत सगळा धुरा पुढे झुकतो. समजा दांडा ८०० मिलिमीटरचा आहे आणि लिफ्ट ५० मिलिमीटरची, तर हा फरक साडेतीन अंशांच्या आसपास येतो. मूळ कॅस्टरच काही अंशांचा असतो, त्यामुळे एवढी घट मोठी आहे. परिणाम शहरात फारसा जाणवत नाही, पण आग्रा-मुंबई रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या वेगात गाडी डावी-उजवीकडे भटकू लागते आणि चालवणारा सतत स्टिअरिंग सावरत राहतो.

यावर तीन उपाय आहेत. भोक मधोमध नसून एका बाजूला असलेले बुश स्वस्त असतात आणि थोडी घट भरून काढतात. दांड्याचे चौकटीकडचे टोक खाली आणणारे ब्रॅकेट जास्त घट भरून काढतात, पण ते खाली लोंबत असल्यामुळे दगडाला लागतात, म्हणजे ज्या कामासाठी गाडी उंचावली त्यालाच थोडी बाधा येते. योग्य कोनात बनवलेले नवे दांडे हा सर्वांत नीट आणि सर्वांत महाग मार्ग आहे. एक गुंता लक्षात ठेवावा: कॅस्टर परत आणण्यासाठी धुरा मागे फिरवला की डिफरेन्शिअलचे तोंड खाली जाते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे धुऱ्याला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचा, कोन वाढतो. म्हणून एका बाजूला पूर्ण दुरुस्ती करायला गेल्यास दुसऱ्या बाजूला थरथर सुरू होऊ शकते. ४० मिलिमीटरपर्यंत बुशने काम भागते का, ते अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांच्या कोनांच्या मोजणीच्या, छापील अहवालावरून ठरवावे.

त्याच धुऱ्याला आडव्या दिशेने धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड असतो. गाडी वर गेली की तो जास्त तिरपा होतो आणि धुऱ्याला एका बाजूला ओढतो. ९०० मिलिमीटरच्या रॉडच्या दोन टोकांमध्ये आधीच १०० मिलिमीटरचा चढउतार असेल, तर ५० मिलिमीटर लिफ्टने धुरा सुमारे ७ मिलिमीटर बाजूला सरकतो. एवढ्याने गाडी बिघडत नाही, पण चाके पुढे-मागे एका रेषेत राहत नाहीत. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड हे दुरुस्त करतो. पुढच्या बाजूला स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड हे समांतर राहिले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हातात आपणहून वळते. लिफ्टनंतर सरळ चालताना स्टिअरिंग वाकडे राहिले, तर त्याला काढून सरळ बसवू नये, ड्रॅग लिंकची लांबी जुळवावी. ज्या गाडीत ईएससी, म्हणजे घसरताना ब्रेक लावून गाडी सावरणारी प्रणाली, आहे, तिथे तसे काढून बसवल्यास स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर चुकीचा कोन खरा मानतो आणि प्रणाली नको तेव्हा ब्रेक लावते. थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन यांच्या मागच्या धुऱ्याला पॅनहार्ड रॉडऐवजी वॉट लिंकेज, म्हणजे धुऱ्याला मध्यावर धरून ठेवणारी दांड्यांची जोडणी, आहे, त्यामुळे तिथे मागच्या रॉडचा खर्चच उद्भवत नाही. तरीही सरसकट यादी वाचून तो विकणारे भेटतात.

स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला छोटा शॉकर, हा भाग मी यादीच्या अगदी शेवटी ठेवेन. चाके थरथरत असतील, तर कारण बहुधा झिजलेले बुश, ढिले बेअरिंग, असंतुलित चाक किंवा घटलेला कॅस्टर हे असते. डॅम्पर ती थरथर दाबतो आणि मूळ दोष आतल्या आत वाढत राहतो.

पुढची चाके स्वतंत्र असलेल्या गाडीत, म्हणजे थार, फोर्स गुरखा, फॉर्च्युनर यांच्यात, प्रश्न वेगळे असतात. आर्म खाली झुकतात, बॉल जॉइंट त्याच्या मर्यादेजवळ जातो आणि सीव्ही जॉइंट सतत मोठ्या कोनात फिरतो, त्यामुळे त्याचे रबरी बूट लवकर फाटते, ग्रीस बाहेर पडते आणि आत चिखल शिरतो. काळ्या मातीच्या मोसमात हा बिघाड पाहता पाहता वाढतो. साधारण ४० ते ५० मिलिमीटरपर्यंत मूळ आर्मवर अलाइनमेंट बसू शकते. त्यापुढे बदललेल्या कोनाचा वरचा आर्म आणि डिफरेन्शिअल थोडा खाली आणणारे स्पेसर लागतात. अलाइनमेंट मर्यादेत बसत नसेल, तर वरचा आर्म घ्यावा, आणि बसत असेल तर घेऊ नये.

जुन्या जिप्सीत चारही बाजूंना पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत. जास्त लांब शॅकल (पाट्याचे टोक चौकटीला जोडणारी कडी) घातले तर त्याच्या वाढीच्या निम्मी उंची मिळते, आणि पाट्याखाली ठोकळा घालणे पुढच्या धुऱ्याला कधीच करू नये. नवा पाटा वाढवणे किंवा पूर्ण संच बदलणे हाच सरळ मार्ग. काही जुन्या गाड्यांमध्ये मागच्या धुऱ्याला वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवणारी झडप जोडलेली असते. गाडी उंचावली की तिला गाडी रिकामी वाटते आणि ती मागचा ब्रेक कमी लावते, म्हणून तिचे ब्रॅकेट जुळवून घ्यावे.

आता रोजच्या सुरक्षिततेबद्दल. गाडी किती सहज उलटू शकते याचा ढोबळ अंदाज चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागून येतो. रुंदी १५०० आणि उंची ७०० मिलिमीटर असेल, तर उत्तर १.०७ येते. गुरुत्वमध्य ५० ने वर गेला की ते बरोबर १ होते. आकडा लहान होणे म्हणजे अचानक वळवताना गाडी लवकर कलणे. म्हणून अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे आवरणारा दांडा, काढून टाकण्याचा सल्ला रोजच्या गाडीसाठी मानू नये. त्याच्या लिंक उंचीप्रमाणे लांब घ्याव्यात, म्हणजे बार मूळ कोनात राहतो. इंदूरपासून जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्सचे चाचणी केंद्र आहे, तिथला अतिवेगाचा मार्ग ११.३ किलोमीटरचा आहे. उत्पादक अशा ठिकाणी महिनोन्‌महिने चाचण्या घेऊन गाडीचा तोल ठरवतात. आपण घरी जे बदलतो त्याची तशी चाचणी झालेली नसते, आणि म्हणूनच बदल लहान ठेवणे शहाणपणाचे.

कायद्याची बाजूही निवडीचाच भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. त्यामुळे भाग विकत घेण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. गॅरेजवाल्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये, कारण अपघातानंतर दावा नाकारला गेला तर तो निस्तरायला गॅरेजवाला येणार नाही.

काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरच्या हवेने आकडा बदलतो, मध्यापासून मोजल्यास नाही. जुने बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचे सांधे) तपासून झिजलेले आधी बदलावेत. बसवताना रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, तिच्या नव्या उंचीवर, ते आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. घाईतल्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी वगळली जाते, म्हणून तेव्हा मालकाने तिथे उभे राहावे. त्यानंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत जुळवावा, ज्या गाडीत पुढच्या काचेवर कॅमेरा आहे तिथे त्याची जुळवणीही करून घ्यावी. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून सुमारे पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत, चारही अंतरे पुन्हा मोजावीत आणि अलाइनमेंटचा दुसरा अहवाल पहिल्याशी ताडून पाहावा. कॅस्टर दुरुस्तीचे बुश, लांबी जुळवता येणारा रॉड किंवा नवा आर्म यांपैकी काही घ्यायचे असेल, तर त्याचा निर्णय या दुसऱ्या अहवालावर करावा.